केळी, थंडी आणि पेशीपटलातील मेद : प्रचलित स्पष्टीकरणाची चिकित्सा

हिवाळ्यात जळगाव जिल्ह्यातील रावेर-यावल पट्ट्यात किमान तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली उतरले की केळीची वाढ खुंटते, पाने पिवळी पडतात, निसवण लांबते. कित्येकदा घड पोंग्यातच अडकतो. तशाच थंडीत शेजारच्या धुळे जिल्ह्यातील गहू मात्र जोमाने फुटवे धरतो. या भेदाचे कारण पदवीच्या वर्गात बहुधा एका दाखल्यावर आटोपते : थंडीत तूप थिजते, तेल पातळ राहते, तद्वत ज्या वनस्पतीच्या पेशीपटलात असंपृक्त मेदाम्ले अधिक, ती थंडी सोसते. दाखला सुबोध आहे. मात्र तो अपुरा आहे.

मूळ तत्त्वाविषयी वाद नाही. तापमान घसरले की अनेक वनस्पती मेदाम्लांच्या साखळीत दुहेरी बंध वाढवितात. साखळीला बाक येतो, रेणू दाटीने बसत नाहीत आणि पटलाची प्रवाहिता टिकते. गफलत होते ती 'एकूण असंपृक्तता' हाच निकष मानण्यात. हरितलवकाच्या पटलातील बहुतांश मेद गॅलॅक्टोजयुक्त असतात आणि थंडीला हळव्या वनस्पतींतही ते अत्यंत असंपृक्तच असतात. ज्याच्या संपृक्ततेशी हळवेपणाचा संबंध जोडला गेला, तो फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल त्या मानाने अल्प. सरासरीत त्याचा फरक बुडून जातो.

नोरिओ मुराता व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये तंबाखूत भोपळावर्गीय वनस्पतीच्या विकराचे जनुक घातले, तेव्हा या एका मेदाची संपृक्तता वाढून रोपे थंडीला अधिक हळवी झाली. अरॅबिडॉप्सिसच्या जनुकाने उलट परिणाम साधला. प्रश्न सुटला असे वाटावे, असाच हा प्रयोग होता. परंतु १९९५ मध्ये वू आणि ब्राउझ यांनी दाखविले की, अरॅबिडॉप्सिसच्या एका उत्परिवर्तित वाणात संपृक्त फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल भरपूर असूनही, काकडी मरून जाईल अशी थंडी ते सोसते. प्रदीर्घ थंडीत मात्र तेही ढासळते. पाठ्यपुस्तकी मांडणीत हा दुसरा प्रयोग क्वचितच येतो, ही खरी उणीव होय.

साध्या वाहकतामापकावर होणारा क्षारगळतीचा प्रयोग पटल फाटले एवढेच सांगतो; कोणता मेद बदलला हे सांगत नाही. तेवढ्यावरून केळीच्या वाणाला 'थंडी-सहनशील' ठरविणे घाईचे ठरेल.

शिवाय जळगावचा मे महिना ४५ अंशांपर्यंत तापतो. हरितलवकातील त्रिअसंपृक्त मेदाम्ले घटविलेली तंबाखूची रोपे उष्णता अधिक सोसतात, हे मुराकामी प्रभृतींनी २००० मध्ये दाखविले आहे. म्हणजे रावेरच्या बागेत डिसेंबरसाठी वाढविलेली असंपृक्तता मे महिन्यात अंगाशी येऊ शकते. गारठ्यातल्या पानाबरोबर उन्हाळ्यातल्या पानाचेही मेदपृथक्करण केल्याखेरीज हा पेच उलगडणार नाही.