परवाना आणि संतोष : एक निकषविचार

सह्याद्रीच्या सदाहरित अरण्यांचा विनाश आपल्याकडे बहुधा ‘माफिया’ या एका शब्दात गुंडाळला जातो. शब्द सोयीचा खरा. त्याने गुन्हेगार राज्ययंत्रणेच्या बाहेर कोठे तरी अंधारात उभा राहतो. गोव्यातील लोहखनिजाच्या प्रकरणाचे कागद वाचले म्हणजे मात्र ही कल्पना टिकत नाही. न्या. शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेपुढे आला व त्याने हानीचा अंदाज सुमारे ३५,००० कोटी रुपये केला. हा आकडा वादग्रस्त ठरला. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ रोजी दिलेला निर्णय निःसंदिग्ध आहे. खाणींचे पट्टे २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपले होते. त्यानंतर सुमारे पाच वर्षे खनिज मांडवी-जुवारीतून मुरगावकडे गेले, ते दिवसाढवळ्या आणि कागदपत्रांनिशी. उष्ण कटिबंधातील लाकूडचोरीविषयी इंटरपोल व संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१२ साली काढलेल्या प्रतिवृत्तातही बनावट परवान्यांचा हाच मार्ग आढळतो.

शहा अहवालाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा एकाच ठिकाणी आहे. त्याचा निकष परवान्याचा. पट्ट्याची सीमा ओलांडली की गुन्हा. न ओलांडली तर नाही. पण डिचोली-सांग्याच्या भातखाचरांत उतरणारा खाणीचा गाळ पट्टा वैध की अवैध हे विचारीत नाही. खोल खड्ड्यातून पाणी उपसले की विहिरी आटतात, त्याही वैधतेचा विचार न करता. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ साली ग्रामसभेच्या संमतीवर भर दिला, तो म्हणूनच अधिक मूलगामी वाटतो.

हा विचार मराठीला नवा नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे लिहिल्या गेलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी रानातील साग तोडण्यास हुजूरची परवानगी सांगितली आहे. रयतेने वाढविलेल्या आंब्या-फणसाला मात्र हात लावू नये, अगदी जीर्ण झाड हवे झाल्यास धन्याला मोबदला देऊन त्याच्या संतोषाने न्यावे, असे म्हटले आहे. राज्याला लाकूड लागतेच. शनिवार पेठेतील पेशव्यांचा वाडाही जुन्नरच्या सागावर उभा राहिला. तथापि परवाना आणि संतोष या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे अमात्यांनी जाणले होते.

तरीही येथे एक अडचण आहे, आणि गाडगीळ अहवालाने तिला पुरेसे उत्तर दिले आहे असे म्हणवत नाही. आंब्याला एक धनी असतो. ओढ्याला किंवा अरण्याला तसा नसतो. मार्च २०१८ मध्ये खाणी बंद पडल्यावर पणजीचे रस्ते अडविणाऱ्यांत खाणपट्ट्यातील ट्रकमालक होते. ज्यांची शेते गाळाने भरली, तेही त्याच पट्ट्यातील. एकाच ग्रामसभेत हे दोघे शेजारी बसले असता कोणाचा संतोष प्रमाण मानावयाचा?