हीच बारा का?

पीएचडीचा आराखडा मांडायला उभी राहिले तेव्हा माझ्या यादीत नारायण धारपांची बारा पुस्तकं होती. ‘लुचाई’, ‘शपथ’ वगैरे. समोर बसलेल्या बाईंनी एवढंच विचारलं, "हीच बारा का?" मी म्हणाले, "सगळ्यात चांगली आहेत म्हणून." "मग हा अभ्यास धारपांचा, की तुमच्या आवडीचा?" मला उत्तर सुचलं नाही.

तुम्ही आराखडा लिहायला बसला असाल तर हा प्रश्न स्वतःला आजच विचारा. लेखकाने भरपूर लिहिलं असेल तर दोनदा विचारा.

धारपांची (१९२५–२००८) पुस्तकं शंभराच्या वर जातात. भयकथा, अद्भुतकथा, विज्ञानकथा, रहस्यकथा, सगळंच. शाळेत असताना वर्तकनगरात घराजवळच्या एका छोट्या लायब्ररीतून मी ती भाड्याने आणायचे आणि रात्री आईचा ओरडा खात वाचायचे. तेव्हा सगळीच भारी वाटली होती. आराखडा परत आल्यावर टीएमटीने स्टेशनला उतरून मराठी ग्रंथसंग्रहालयात जायला लागले. १८९३ सालची ही संस्था, तिथे जुनी पुस्तकं बघायला मिळतात. या वेळी ठरवलं होतं, की निवडायचं नाही, हाताला येईल ते पूर्ण वाचायचं.

खरं सांगते, वाईट वाटलं. तेराव्या वर्षी ज्या पुस्तकाने माझी झोप उडवली होती, त्यात सुरुवातीची प्रकरणं अजूनही पकड घेतात, आणि शेवट मात्र दोन-तीन पानांत गुंडाळलेला. अशी कितीतरी निघाली. पण ‘हे जमलंय, हे फसलंय’ एवढं लिहून थांबलो तर ते परीक्षण झालं. संशोधनाचा प्रश्न पुढचा आहे. फसलेली पुस्तकं एकाच जागी फसतात का?

बऱ्याचदा हो. धारपांच्या समर्थकथा घ्या. साधं मध्यमवर्गीय घर, हळूहळू शिरणारं काहीतरी अमंगळ, मग समर्थ येतात आणि निवारण होतं. समर्थ आले की वाचक निर्धास्त होतो, भीती तिथेच संपते. आता माझ्या आवडत्या बारांकडे परत या. त्यांतल्या बहुतेकांत समर्थ नाहीतच. ‘शपथ’मध्ये सगळा भार लहानपणच्या मित्रांच्या गटावर आहे, त्यांना सोडवायला बाहेरून कोणी येणार नाही. म्हणजे चांगल्या पुस्तकांत धारपांनी काय काढून टाकलं, हे मला साच्यातली पुस्तकं वाचल्यावर कळलं. नुसती बारा वाचून ते दिसलं नसतं.

साच्याकडेही तुच्छतेने बघू नका. तेव्हाची लोकप्रिय पुस्तकं मोठ्या प्रमाणावर वाचनालयांतून वाचली जायची. मालिकेतलं कुठलंही पुस्तक कुठल्याही क्रमाने नेता आलं पाहिजे आणि वाचकाला ओळखीचा भरवसा मिळाला पाहिजे. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथा याच भरवशावर चालल्या. साचा हा वाचकाशी केलेला करार होता. तो कुठे पाळला आणि कुठे मोडला, हे शोधणं तुमचं काम.

दुसरा सापळा म्हणजे ‘धारप म्हणजे मराठीतला स्टीफन किंग’ हे वाक्य. उसनवारी खरी आहे. ‘लुचाई’मागे किंगची १९७५ची ‘सेलम्स लॉट’ आहे, ‘शपथ’मागे १९८६ची ‘इट’. पण किंगची पहिली कादंबरी आली १९७४ साली. तेव्हा धारप अठ्ठेचाळीस वर्षांचे होते आणि मराठीत स्थिरावलेले होते. त्यामुळे सरसकट शेरा मारू नका. पुस्तकागणिक नोंद करा की कथानक कुठून आलं, आणि वाडा, नातीगोती, गावची माणसं यांत मिसळताना त्याचं काय झालं. मला तरी धारपांचं कसब या मिसळण्यात जास्त दिसतं.

तिसरी गोष्ट खणांची. मराठी विज्ञानकथेचा इतिहास सांगताना आपण बहुधा १९७४ला थांबतो. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी आपली आद्याक्षरं उलटी करून, नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. गोष्ट छानच आहे. पण तिच्या उजेडात ‘नेनचिम’सारखी धारपांची विज्ञानकथा मागे राहते, कारण त्यांच्यावर ‘भयकथा’ अशी चिठ्ठी आधीच लावलेली असते. २०१८च्या ‘तुंबाड’नंतर लोक पुन्हा धारपांकडे वळले, तेही बरेचसे त्याच खणातून.

आता माझ्या तक्त्यात आवडीचा रकाना नाही. पहिल्या आवृत्तीचं साल, मालिकेतलं की स्वतंत्र, कथानकाचं मूळ, शेवट कोण घडवतं, एवढंच आहे. झोप उडवणारं ते फसलेलं पुस्तकही त्यात आलंय, आणि सगळ्यात लांब टिपण त्याच्याच पुढे आहे.

तुमची यादी काढा. त्यातून कोणतं पुस्तक तुम्ही गुपचूप वगळलंय? आधी ते वाचा.