लोरॅक्समधली वगळलेली ओळ

पर्यावरणावरील बालसाहित्याचा विषय निघाला की डॉ. स्यूस यांच्या 'द लोरॅक्स' (१९७१) या सचित्र इंग्रजी पद्यकथेचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. कथा थोडक्यात अशी : वन्सलर नावाचा उद्योजक ट्रफुला वृक्ष तोडून त्यांच्या मऊ झुपक्यांपासून एक विनाकामाची वस्तू विणतो. ती खपते, कारखाना वाढतो, झाडे संपतात. धुरामुळे पक्षी परागंदा होतात आणि चिकट सांडपाण्यामुळे तळ्यातले मासे घर सोडतात. झाडांच्या वतीने बोलणारा लोरॅक्स परोपरीने बजावतो, पण कोणी ऐकत नाही. शेवटी उरलेले एकमेव बी एका मुलाच्या हाती येते.

मासे निघून जातात त्या प्रसंगी, अमेरिका व कॅनडा यांच्या सीमेवरील ईरी सरोवरातही अशीच दुरवस्था असल्याची एक ओळ मूळ पुस्तकात होती. प्रकाशनानंतर सुमारे चौदा वर्षांनी ओहायो राज्यातील दोन संशोधकांनी लेखकाला कळवले, की सरोवर आता पुष्कळ सुधारले आहे. लेखकाने पुढील आवृत्त्यांतून ती ओळ काढली. नवा पुरावा मिळताच विधान बदलणे ही वैज्ञानिक वृत्तीच होय. परंतु त्या ओळीची कहाणी तेथे संपली नाही, आणि पुस्तकाचे मूल्यमापन करताना तिचा उत्तरार्ध आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो.

१९६० च्या दशकात ईरीला 'मृत सरोवर' म्हणत. वास्तविक त्याचा आजार अतिपोषणाचा होता. सांडपाणी व धुण्याच्या पावडरी यांतून येणाऱ्या स्फुरदावर (फॉस्फरसवर) शैवाल माजे; ते मरून कुजताना पाण्यातील प्राणवायू संपे. १९७२ मध्ये दोन्ही देशांनी करार केला. सांडपाणी शुद्धीकरणावर मोठा खर्च झाला, पावडरींतील फॉस्फेट कमी केले गेले, आणि सरोवर खरोखरच सावरले. येथवर लोरॅक्सची शिकवण लागू पडते : नळ कोणाचा ते शोधा आणि बंद करा.

मात्र १९९० च्या दशकाच्या मध्यापासून शैवाल परतले. २०११ मध्ये त्याने आधीचे उच्चांक मोडले. ऑगस्ट २०१४ मध्ये टोलेडो शहर व परिसरातील चार लाखांहून अधिक लोकांना नळाचे पाणी पिऊ नका, असे सांगावे लागले. नील-हरित शैवालाचे मायक्रोसिस्टिन हे विष पाण्यात उतरले होते, आणि पाणी उकळून ते नष्ट होत नाही. सुमारे तीन दिवस हा प्रतिबंध चालला.

या वेळी मुख्य स्रोत कारखाना नव्हता. स्फुरद मुख्यतः मॉमी नदीच्या खोऱ्यातील मका-सोयाबीनच्या शेतांतून येत होते. खोऱ्याचे क्षेत्र सुमारे १७ लाख हेक्टर, त्यातील बहुतांश शेती. हेक्टरी एक किलो स्फुरद निसटले, तर शेतकऱ्याला ते जाणवतही नाही; पण सगळ्यांचे मिळून हजार टनांच्या वर जाते. अमेरिकेचा १९७२ चा जलकायदा कारखान्याच्या नळाला परवाना लावतो. पावसाने शेतातून वाहून जाणारे पाणी मात्र परवान्याच्या कक्षेबाहेर आहे.

याहून विचारात पाडणारी गोष्ट पुढेच आहे. जमिनीची धूप थांबावी म्हणून येथील अनेक शेतकऱ्यांनी नांगरट सोडून शून्य मशागत स्वीकारली. हे शाश्वत शेतीचे पाऊल होते, आणि मातीच्या कणांना चिकटून जाणारे स्फुरद त्यामुळे घटलेही. परंतु न नांगरलेल्या जमिनीवर खत फोकून दिले की ते वरच्या काही सेंटिमीटरच्या थरात साचते. जोराच्या पावसात ते विरघळते आणि जमिनीखालच्या निचरा-नळ्यांवाटे थेट ओढ्याला मिळते. विरघळलेले स्फुरद शैवालाला सहज वापरता येते. पावसाचे बदलते मानही याला कारणीभूत आहे. तेव्हा चांगल्या हेतूने केलेल्या कामातूनही गळती होऊ शकते, आणि या शक्यतेला लोरॅक्सच्या जगात जागाच नाही. तेथे दोष लोभाचाच असतो.

पुस्तकातील चित्रे मात्र कथेपेक्षा शहाणी आहेत. वन्सलरचा चेहरा कोठेच दिसत नाही. दिसतात फक्त हिरवे हात. ते हात कोणाचेही असू शकतात. २०१२ च्या चित्रपटाने त्याला चेहरा दिला आणि हा अर्थ गमावला.

उपायांबाबतही पुस्तक तोकडे पडते. बी पेरणे सुंदर आहे, पण ईरीला हवा आहे हिशेब. २०१६ मध्ये दोन्ही देशांनी २००८ च्या तुलनेत ४० टक्के स्फुरद कमी करण्याचे लक्ष्य स्वीकारले. त्यासाठी नांगराकडे परतण्याची गरज नाही. माती तपासून लागेल तेवढेच खत द्यावे, गोठलेल्या जमिनीवर किंवा मोठ्या पावसाच्या तोंडावर देऊ नये, आणि ते पृष्ठभागाखाली पेरावे. दोन चाड्यांच्या पाभरीने बी व खत एकदम पेरणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला ही कल्पना नवी नाही.

तरीही हे पुस्तक वर्गात जरूर वाचावे. फक्त माशांच्या पानाशी थांबून वगळलेल्या ओळीची हकीकत सांगावी, आणि विचारावे : ती ओळ परत घालायची झाली, तर आता त्या पानावर कोणाचे चित्र काढाल? विद्यार्थ्यांना उत्तर पटकन सुचणार नाही. त्या अडखळण्यापासून पुढचा पाठ सुरू करता येईल.