दिलेल्या अक्षरांचे शब्द आणि मोरोपंतांची दोन रामायणे

‘विरार’ ह्या नावात अक्षरे किती, असे मराठी शाळेत शिकलेल्यास विचारले तर तो तीन म्हणेल. रोमन लिपीत तेच नाव मोजणारा पाच म्हणेल. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण ‘अक्षर’ ह्या एकाच शब्दाने आपण दोन भिन्न वस्तूंचा निर्देश करीत असतो. अमुक अक्षरे ज्यांत आहेत असे इंग्रजी शब्द शोधून काढणे हा सामान्यतः करमणुकीचा विषय समजला जातो. परंतु त्या शोधामागील अक्षरकल्पना मराठी काव्याला जशीच्या तशी लावली, तर मोरोपंतांसारख्या कवीविषयीचा आपला निर्णय चुकण्याचा संभव आहे. प्रस्तुत लेखाचा विषय तेवढाच आहे.

इंग्रजीत अक्षर हा सुटा, हलविता येणारा तुकडा असतो. ‘स्क्रॅबल’ ह्या खेळाच्या इंग्रजी संचात शंभर सोंगट्या असून त्यांपैकी बारा एकट्या ‘ई’च्या आहेत. एल, आय, एस, टी, ई, एन ही सहा अक्षरे दिली असता ‘लिसन’, ‘सायलेंट’, ‘एन्लिस्ट’ आणि ‘टिन्सेल’ असे चार शब्द हाती लागतात. देवनागरीत लिहिताच त्यांचे नाते दिसेनासे होते. कारण ते नाते डोळ्यांना दिसणारे आहे, कानांना ऐकू येणारे नव्हे. ‘लिसन’मधील टी मुका आहे, ‘सायलेंट’मधील बोलका. अर्नेस्ट व्हिन्सेंट राइट याने १९३९ साली ‘ई’ हे अक्षर वर्ज्य करून ‘गॅड्सबी’ ही कादंबरी लिहिली. त्या नियमाप्रमाणे ‘सिटी’ हा शब्द चालतो, ‘लव्ह’ चालत नाही. वस्तुतः ईकाराचा ध्वनी पहिल्यात आहे, दुसऱ्यात नाही.

मराठीत अक्षर म्हणजे स्वरयुक्त व्यंजन, अथवा नुसता स्वर. ही कल्पना अर्वाचीन नव्हे. विरारच्या शेजारच्या सोपाऱ्यास १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा जो तुकडा सापडला, त्याच्या ब्राह्मी लिपीतही व्यंजनात अकार अंगभूत आहे व इतर स्वर खुणांनी त्यास जोडलेले आहेत. ‘सदा’ आणि ‘दास’ हे शब्द म्हणूनच एकाच अक्षरद्वयाचे आहेत. ‘साद’ हा शब्द मात्र त्यांच्या पंक्तीस बसत नाही; त्यातील वर्ण तेच असले तरी अक्षरे निराळी आहेत.

आता मोरोपंतांकडे वळू. पंतांनी (१७२९–१७९४) अष्टोत्तरशत रामायणे रचली अशी प्रसिद्धी आहे. त्यांतील निरोष्ठ रामायणात ओष्ठ्य वर्ण वर्ज्य आहेत. हे बंधन लेखणीचे नसून मुखाचे आहे; म्हणणाऱ्याचे ओठ मिटू द्यावयाचे नाहीत, हा त्याचा अर्थ. दंडीच्या दशकुमारचरितात मंत्रगुप्त आपली कथा अशीच सांगतो आणि त्याला तेथे कारणही दिलेले आहे : प्रियेच्या दंतक्षताने त्याचे ओठ दुखत असतात. मोरोपंतांपुढील अडचण याहून बिकट आहे. राम, लक्ष्मण, भरत, हनुमान ही सारी नावे ओष्ठ्य वर्णांमुळे बाद होतात. रामायण सांगावयाचे, पण ‘राम’ म्हणावयाचे नाही! ‘दाशरथि’सारख्या पर्यायांवाचून तेथे गती नाही.

मंत्ररामायणाची रीत ह्याच्या उलट आहे. तेथे ‘श्रीराम जयराम जय जय राम’ ह्या मंत्राची तेरा अक्षरे पद्यांतून गोविली आहेत. एका काव्यात नाम ओठांवर येत नाही, दुसऱ्यात ते अक्षराक्षराने विखुरलेले आहे. हे दोन प्रयोग शेजारी ठेवून वाचले म्हणजे दोहोंचा विषय रामनामच आहे, हे ध्यानात येते. ‘ही नुसती कारागिरी’ असा शेरा मारणारे टीकाकार हा संबंध पाहत नाहीत. अर्थात, बंधन पाळले गेले म्हणून नीरस ओळ सरस ठरत नाही. पर्यायासाठी दुर्मिळ संस्कृत शब्द आणावा लागला की कथेचा ओघ अडखळतो, हेही मान्य केले पाहिजे.

शोधाच्या दिशेतही भेद आहे. सोंगट्या मांडणारा अक्षरांपासून निघतो. अर्थ त्याला मागाहून, बहुधा योगायोगाने भेटतो. जुन्या कवीला शब्द पुरविणारा अमरकोश अर्थानुसार वर्गांत विभागलेला आहे. कवीला अर्थ आधी ठाऊक असतो. एका अर्थाच्या अनेक शब्दांतून वर्णाच्या चाळणीत टिकेल तो त्याने घ्यावयाचा असतो. त्याच कोशातील नानार्थवर्ग मात्र अंत्य व्यंजनाच्या क्रमाने लावलेला आहे. म्हणजे वर्णावरून शब्द शोधण्याची सोयही आपल्या परंपरेला अपरिचित नव्हती.

आज हा शोध संगणकावर सोपविला जातो, आणि तेथे एक तिसरेच परिमाण पुढे येते. युनिकोड संकेतात ‘क्षि’ हे एक अक्षर चार खुणांचे होते. अंगभूत अकाराला खूणच नाही. शब्दारंभीचा आकार आणि काना हे परस्परांहून भिन्न ठरतात. इंग्रजी अक्षरांसाठी रचलेली कृती तशीच वापरली तर ‘सदा’, ‘दास’ आणि ‘साद’ हे तिन्ही शब्द ती एकाच रांगेत बसवील. पंतांच्या काव्याची अक्षरसूची करू इच्छिणाऱ्या अभ्यासकाने म्हणून प्रथम आपले परिमाण ठरवावे. मंत्ररामायणासाठी अक्षर मोजावे, निरोष्ठासाठी वर्णाचे उच्चारस्थान पाहावे. एकाच मापाने दोन्ही मोजल्यास सूची तयार होईल, परंतु कवीने स्वतःवर घालून घेतलेला नियम तिच्यात उतरणार नाही.