पुरेल ना? : मराठी साहित्यातील पंगत आणि यजमान

काही वर्षांपूर्वी बेंगळूरच्या बसवनगुडी भागातील एका कल्याणमंडपात एका मराठी घरचे लग्न होते. घराणे तीन पिढ्यांपासून या शहरात राहिलेले. घरात मराठी, दारात कन्नड. मंगलाष्टके झाली, पहिली पंगत बसली. केळीच्या पानावर मीठ, कोशिंबीर आणि पायस कोणत्या क्रमाने यावे यावरून वाढपी आणि वधूची आत्या यांच्यात थोडी कुजबुज झाली. ती येथे रीतच आहे. हात धुण्यासाठी मी मागील बाजूस गेलो, तेव्हा मुदपाकखान्याच्या दारात उभे असलेले वधूपिता आचाऱ्याला विचारीत होते, ‘‘पुरेल ना?’’ आचारी कढईवरची नजर न काढता म्हणाला, ‘‘साकागुत्ते.’’ म्हणजे पुरेल. ते पंगतीकडे गेले, दोन पाहुण्यांना जिलबीचा आग्रह केला आणि पुन्हा त्या दाराशी आले. असे तीनदा घडले. आग्रह करणारा आणि धास्तावलेला हा एकच माणूस होता, आणि पंगतीत बसलेल्या आम्हा कोणालाही त्याचा दुसरा चेहरा दिसत नव्हता.

मराठी साहित्यातील जेवणावळींची व लग्नसोहळ्यांची वर्णने वाचताना मला त्या दाराची वारंवार आठवण होते. या वर्णनांकडे आपल्या समीक्षेने दोनच दृष्टींनी पाहिले आहे. प्राचीन काव्यात ती आली की पाल्हाळ म्हणून ती ओलांडावयाची, नाहीतर तत्कालीन समाजजीवनाची सामग्री म्हणून त्यांतून पदार्थांची व दागिन्यांची नावे वेचावयाची. दोन्ही पद्धतींत एक प्रश्न सुटून जातो. हे वर्णन करणारा कोठे बसला आहे? पानावर, की मुदपाकखान्याच्या दारात, की मांडवाच्या बाहेर? यजमानपणाचा गाभा म्हणजे कमी पडण्याची भीती. ही भीती ज्या लेखनात शिरते तेथेच लग्नाचे व पंगतीचे वर्णन साहित्य म्हणून जिवंत होते, अशी माझी धारणा आहे.

मराठी कवितेचा आरंभकाळच मुळी लग्नघरातला आहे. महदाइसेचे ‘धवळे’ हे तेराव्या शतकातील काव्य म्हणजे वरपक्षाकडून गावयाची लग्नगीते. महानुभाव परंपरेनुसार रिद्धपुरास गोविंदप्रभूंच्या विवाहाचा खेळ भक्तांनी मांडला, त्या प्रसंगी ती रचली गेली. त्यांत कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाची कथा आहे. आपली आद्य कवयित्री अशा रीतीने लग्नाच्या आयोजनात हात असलेली, समारंभात उभी राहून गाणारी बाई आहे, ही गोष्ट वाङ्मयेतिहासात नोंदली जाते. तिचा अर्थ मात्र क्वचितच विचारात घेतला जातो. ‘धवळ्यां’तील लगबग ही प्रेक्षकाने दुरून पाहिलेली लगबग नाही.

एकनाथांचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ अठरा प्रसंगांचे. ते १५७१ साली काशीत पूर्ण झाले. भागवतातील हरणाची कथा नाथांनी महाराष्ट्रातील लग्नघरात आणून बसविली. हळद, तेल, मानपान, रुसवेफुगवे, विहिणी हे सारे तेथे आहे, आणि पंगतही आहे. परंतु या पंगतीत काहीही कमी पडणे शक्य नाही. येथे प्रत्येक विधीला व व्यंजनाला अध्यात्माचा दुसरा अर्थ आहे. जो जेवतो, जे जेवतो आणि जो वाढतो त्यांत भेदच उरत नाही. पूर्णातून पूर्ण काढले तरी पूर्णच उरते, अशी ही कोठी आहे. काव्य म्हणून तिची थोरवी निर्विवाद आहे. नाथांच्या पंगतीत भक्ताला तृप्ती मिळते. यजमानाची तगमग मात्र तेथे शोधू नये. द्रौपदीच्या थाळीचेही असेच आहे. ती थाळी कथेत खरी रंगते ती द्रौपदीचे जेवण आटोपून ती रिकामी झाल्यावर, दुर्वास शिष्यांसह नदीवर स्नानाला गेले असताना. मधली ती घटका यजमानीणबाईची आहे.

नाथांच्या चरित्रपरंपरेतील प्रसंग याहून वेगळा आहे. श्राद्धासाठी शिजविलेले अन्न त्यांनी भुकेलेल्या अंत्यजांना वाढले आणि निमंत्रित ब्रह्मवृंद रागावला, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. कथेचा चमत्काराचा भाग बाजूला ठेवला, तर उरते ते यजमानाचे कृत्य: पंगतीत कोणी बसावे हे ठरविण्याचा अधिकार त्याने वापरला. ‘रुक्मिणीस्वयंवरा’त जे रूपक आहे ते येथे पानावर आले. पंगतीची दुसरी भीती तेथून सुरू होते, ती म्हणजे कोणाबरोबर जेवलो याची. तिने पुढे केवढी उलथापालथ केली हे पाहावयाचे तर १८९० सालचे पंचहौद मिशनमधील चहापान आठवावे. रानडे, टिळक आदी मंडळींपुढे चहाचे पेले आले आणि पुण्यात ग्रामण्य उभे राहिले. रमाबाई रानडे यांच्या आठवणींत (१९१०) त्या प्रकरणाचे घरात पडलेले सावट दिसते. पुरुषांनी वर्तमानपत्रांतून वाद घातले. श्राद्धापक्षाला ब्राह्मण मिळतील की नाही हा प्रश्न माजघराला पडला.

बेंगळूरचा उल्लेख मी केवळ माझ्या वास्तव्यामुळे केला नाही. १६३८ नंतर हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. जयराम पिंड्ये यांचा ‘राधामाधवविलासचंपू’ हा त्या दरबाराचा वाङ्मयीन साक्षीदार, राजवाड्यांनी १९२२ साली संपादून प्रसिद्ध केलेला. शहाजीराजांचे पुत्र एकोजी येथूनच तंजावरास गेले. त्यांची राणी दीपाबाई हिच्या आश्रयास असलेल्या रघुनाथ नवहस्त यांनी ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ रचला. आयुर्वेद व धर्मशास्त्र यांच्या आधाराने अन्नाचे गुणदोष सांगणाऱ्या या ग्रंथात पदार्थांची मराठी नावे मधूनमधून डोकावतात. संस्कृत वाक्यात शिरलेली ती देशी नावे परक्या मुलखातील मराठी घराची आठवण सांगतात. परंतु तेथेही बोलतो तो शास्त्रकार. अन्न पथ्यकर आहे की नाही हे तो सांगतो. शंभर माणसे अचानक वाढली तर काय करावे, हे सांगत नाही.

ते सांगणारे गद्य आपल्याला मिळते ते ज्याला कोणी साहित्य म्हणत नाही अशा जागी. १७८३ साली पुण्यात सवाई माधवरावांचे लग्न झाले. त्या समारंभासाठी नाना फडणिसांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या याद्या इतिहाससंशोधकांनी प्रसिद्ध केल्या आहेत. कोणाची बडदास्त कोणी ठेवावी, पंगती कशा मांडाव्यात, वाढप कसे व्हावे, कोणत्या कामावर कोणी असावे, याचा तो बंदोबस्त आहे. मराठ्यांचा कारभार हाकणारा मुत्सद्दी पानांच्या रांगांचा विचार करतो आहे, हे वाचताना प्रथम हसू येते. मग लक्षात येते की हे लग्न म्हणजे बारभाईंच्या कारभाराची परीक्षाच होती. बाल पेशव्याच्या मांडवात एखाद्या सरदाराचा मान चुकणे म्हणजे राज्यातील एक सांधा निखळणे. म्हणून या गद्यात विशेषण नाही, उपमा नाही. आज्ञार्थी क्रियापदे एकामागून एक येतात आणि प्रत्येक क्रियापदामागे काहीतरी चुकण्याची धास्ती उभी असते. ‘याद’ हा शब्द आपल्या लग्नव्यवहारात अजूनही टिकून आहे. देण्याघेण्याची बोलणी झाली म्हणजे याद होते. आठवण आणि सूची असे दोन्ही अर्थ पोटात घेणारा हा शब्द यजमानाच्या मनाचे वर्णन कोणत्याही कवीपेक्षा नेमके करतो. पंडित कवींच्या स्वयंवरांतील पक्वान्नांच्या रांगांपेक्षा मला नानांच्या काळातील या रुक्ष याद्या वाङ्मयाच्या अधिक जवळच्या वाटतात. माझे काही विद्वान मित्र या मताला केवळ विक्षिप्तपणा मानतात, हेही नमूद करावयास हरकत नाही.

यादी पुरुषांनी लिहिली. अंदाज स्त्रियांनी केला. हा अंदाज लेखनात येण्यास विसावे शतक उजाडावे लागले. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० सालचे, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० ची. या साठ वर्षांत पंगत आटोपून टेबल आले, एकत्र कुटुंब मोडून दोन खोल्यांचा संसार आला, आणि शेर-पायलीच्या जागी ‘रुचिरा’ची वाटी आली. सहा-आठ माणसांना रात्री जेवावयास बोलावणारी नोकरदार गृहिणी ही तिची वाचक. सासूच्या हाताकडे पाहून शिकण्याची सोय जिला नाही तिला वाटी-चमच्याचे माप धीर देते. या पुस्तकांची भाषा समीक्षकांनी अभ्यासली पाहिजे, एवढेच येथे म्हणतो.

अंदाज चुकण्याचे, किंबहुना अंदाज करण्याइतके घरात काही नसण्याचे खरे साहित्य म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. १९३४ पासून भागांनी प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथनात टिळकांचे औदार्य आणि लक्ष्मीबाईंचा संसार यांचा झगडा अखंड चालू आहे. औदार्य करणारा कवी आहे. ते निभावून नेणारी त्याची पत्नी. अतिथी हा देव खरा, परंतु देवाला पीठ लागते. लक्ष्मीबाई हे कोठेही सिद्धांत म्हणून मांडीत नाहीत. त्या हसतात आणि आपल्यालाही हसवितात. ज्यांच्या सोवळ्याला धान्य, मीठ धुऊन घेतल्यावाचून समाधान नव्हते अशा वडिलांची ही मुलगी पुढे कोणाच्याही हातचे खाण्यापर्यंत पोहोचते, हा प्रवासही पुस्तकात अन्नाच्याच वाटेने होतो. पंगतीच्या दोन्ही भीती, कमी पडण्याची आणि विटाळाची, एकाच स्त्रीने एका आयुष्यात ओलांडल्याचे असे दुसरे उदाहरण मराठीत मला आठवत नाही.

आता नारायण. पु. ल. देशपांड्यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ला (१९६२) साहित्य अकादेमीचा पुरस्कार १९६५ साली मिळाला. त्यातील हा लेख विनोदी म्हणून इतका लोकप्रिय झाला की त्याचे गंभीर वाचन करण्याची कोणाला गरज भासली नाही. नारायण हा कोणत्याही घरचा कर्ता नाही. दुसऱ्यांच्या घरचे लग्न हा त्याचा व्यवसाय. व्यवसाय म्हणावा तर त्यात मोबदला नाही. साड्यांच्या खरेदीपासून पंगत उठेपर्यंत जे जे कमी पडू शकते ते ते त्याच्या अंगावर येते. मी सुरुवातीस सांगितलेल्या वधूपित्याची भीती पु. लं.नी त्याच्यापासून सोडवून दुसऱ्या एका माणसावर ठेवली, आणि मग यजमान निश्चिंतपणे पाहुण्यांत मिसळू शकला. विनोदाची ही रचना फार सूक्ष्म आहे. नारायणाची धांदल आपल्याला हसविते, कारण ती आपली नाही. मध्यमवर्गाने आपल्या कार्याचा भार किती सहजपणे एका साध्या माणसाच्या खांद्यावर टाकला आणि त्याला ‘आपला नारायण’ म्हणून मोकळा झाला, हे लेखक मोठ्याने म्हणत नाही. मला ही त्याची मर्यादा वाटत नाही, परंतु त्या प्रेमळ हास्याने आपण थोडे लवकर समाधानी होतो, असे मात्र वाटते. आजच्या विद्यार्थ्याला नारायण समजावून द्यावा लागतो; बेंगळूरमध्ये तर मांडवापासून मेंदीपर्यंत सारे काही एका कंत्राटात उरकते. कंत्राटदाराला कमी पडण्याची भीती नसते असे नाही, पण ती त्याने दरात धरलेली असते.

ही सारी वर्णने मांडवाच्या आतली. मांडवाबाहेर जो उभा आहे त्याच्या दृष्टीने ‘पुरेल ना?’ या प्रश्नाचा अर्थच उलटतो. आत उरले तरच बाहेर पोहोचणार. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) मध्ये गर्भाधानापासून मृत्यूपर्यंतच्या विधींत शेतकऱ्याच्या घरातून काय काय काढून नेले जाते याची यादी केली आहे. ती यादी नानांच्या यादीशेजारी ठेवून वाचावी. सत्यशोधक पद्धतीचे पहिले लग्न २५ डिसेंबर १८७३ रोजी झाले, ते अल्प खर्चाचे व भटाविना. म्हणजे जोतीरावांनी यादीच बदलून टाकली. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये लग्न म्हणजे कोवळ्या मुलीने पहाटेपूर्वी उठून टोपलीभर पिठाच्या भाकरी थापणे. सोहळा सरतो आणि ती भाकरी उरते. येथे वर्णनात पक्वान्न एकही नसते, तरी अन्नाविषयी इतके बारकाईने लिहिलेले गद्य आपल्या पाकशास्त्रांतही सापडत नाही.

शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’च्या (१९८४) आरंभी लग्न नाही, शाळेची सहल आहे. सवर्ण मुले वर्तुळ करून जेवतात, महारांची मुले दूर बसतात, आणि उरलेसुरले फडक्यात बांधून त्यांच्याकडे येते. घरी गेल्यावर आई विचारते, माझ्यासाठी का नाही आणलेस? दुसऱ्या दिवशी गुरुजी वर्गाला सहलीवर निबंध लिहावयास सांगतात. पाटीपेन्सिल घेऊन बसलेल्या त्या मुलाला पहिले वाक्य सुचत नाही. मराठीत तोवर झालेली पंगतीची सारी वर्णने पानावर बसलेल्याची होती, फार तर वाढणाऱ्याची. फडके बांधून नेणाऱ्याने कोठून सुरुवात करावी हे सांगणारा नमुना त्याच्यापुढे नव्हता. तो निबंध लिंबाळे यांनी पुढे पुस्तकाच्या पहिल्या पानांत लिहिला.