डी ड्राइव्हचं काय चुकलं?

(शिरूर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आज पुस्तकाचं परीक्षण नाही. आज एका खिडकीचं परीक्षण करायचं आहे. कॉम्प्युटरवर नवं सॉफ्टवेअर टाकायला घेतलं की एक छोटी खिडकी उघडते. तीत सी ड्राइव्हवरच्या एका फोल्डरचा पत्ता आधीच भरलेला असतो आणि शेजारी 'ब्राउझ' नावाचं बटण असतं. सॉफ्टवेअर इथे बसेल, दुसरीकडे हवं असेल तर जागा दाखवा, असा त्याचा अर्थ. मजकूर एवढाच. तो खरा आहे का, एवढंच मला तपासायचं आहे. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने हे कशाला करावं, असं कुणाला वाटेल. पण गृहीत धरलेल्या गोष्टी तपासणं हेच तर आमचं काम.

आधी घडलं काय ते सांगतो. माझा कॉम्प्युटर इथल्याच एका दुकानातून जोडून घेतलेला आहे. सी ड्राइव्ह १२० जीबीचा, वेगवान पण लहान, आणि आता जवळजवळ भरलेला. डी ड्राइव्ह एक टीबीचा, बराचसा रिकामा. माझ्या जुन्या व्याख्यानांची टंकलिखित पानं स्कॅन करून त्यातली अक्षरं ओळखणारं एक सॉफ्टवेअर मी विकत घेतलं. खिडकी उघडली. मी डी ड्राइव्हवर 'व्याख्याने' असा मराठी नावाचा फोल्डर केला, ब्राउझ दाबून तो दाखवला आणि 'नेक्स्ट' दाबलं. उत्तर आलं, सी ड्राइव्हवर जागा अपुरी आहे! अहो, मी डी सांगितला होता. बरं, सीवरचे फोटो हलवून जागा केली. मग ते बसलं. उघडायला गेलो तर क्षणभर दिसायचं आणि मिटायचं. चूक नाही, सूचना नाही, काही नाही.

तीन दिवस मी असं धरून चाललो होतो की माझंच काहीतरी चुकतंय. वय झालं, बोट भलतीकडे पडत असेल. शेवटी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. पलीकडचा मुलगा अदबीने म्हणाला, "सर, डिफॉल्टच ठेवा ना." मी म्हटलं, "मग ते ब्राउझचं बटण कशाला दिलंय?" तो म्हणाला, "ते असतंच, सर."

'ते असतंच.' आजच्या व्याख्यानाचा विषय मला त्या मुलाने दिला.

आता हा सी ड्राइव्ह मुळात आला कुठून? १९८१ साली आयबीएमचा पीसी आला तेव्हा त्यात फ्लॉपी असायची. एक किंवा दोन. त्यांना ए आणि बी ही अक्षरं मिळाली. १९८३ साली पीसी एक्सटी आला, त्यात दहा एमबीची हार्ड डिस्क होती, तिच्या वाट्याला पुढचं अक्षर आलं, सी. फ्लॉपी गेली, ए आणि बी रिकामे झाले, सी मात्र सीच राहिला. मग विंडोज ९५ मध्ये 'प्रोग्राम फाइल्स' नावाचा फोल्डर आला आणि सॉफ्टवेअरचं घर तिथेच अशी रीत पडली. म्हणजे ज्याला आपण नियम समजतो ती मुळात अक्षरं वाटताना लागलेली पाळी आहे.

रीत पडली यात वाईट काही नाही. आपण 'शिरूर' म्हणतो तेव्हा पुढे 'घोडनदी' जोडत नाही. बीड जिल्ह्यात शिरूर म्हटलं तर शिरूर कासार. लातूरकडे शिरूर अनंतपाळ. प्रत्येक ठिकाणचं न बोललेलं शिरूर वेगळं. हेच डिफॉल्ट. ते नसेल तर दर वाक्यात पूर्ण पत्ता सांगत बसावं लागेल. ज्याला ड्राइव्ह म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्याच्यावर त्या भरलेल्या पत्त्याचे उपकारच आहेत. माझी तक्रार डिफॉल्टबद्दल नाही. आपण काहीतरी गृहीत धरलंय याचाच विसर पडतो, तिथे तक्रार सुरू होते.

न्यायशास्त्राने या चुकीला फार पूर्वी नाव दिलं आहे. उपाधी. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त त्याचं उदाहरण आहे. धूर दिसला तर अग्नी आहे, हे अनुमान बरोबर. पण उलट, अग्नी आहे म्हणून धूर असणारच, हे अनुमान चूक. का? तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा बघा. अग्नी आहे, धूर नाही. धुराला नुसता अग्नी पुरत नाही, ओलं सरपण लागतं. आपण आयुष्यभर चुली पाहिल्या, त्यात ओलं सरपण होतंच, म्हणून ते वेगळं मोजलं नाही. हे न मोजलेलं ओलं सरपण म्हणजे उपाधी.

आता सॉफ्टवेअर करणारा काय अनुमान करतो? 'माझं सॉफ्टवेअर बसवलं की चालतं.' त्याने शंभरदा बसवून पाहिलेलं असतं, खोटं बोलत नाही तो. पण शंभरही वेळा ते सी ड्राइव्हवर होतं, फोल्डरचं नाव रोमन अक्षरांत होतं आणि सीवर भरपूर जागा होती. ही त्याची ओली लाकडं. माझा डी ड्राइव्ह हा लोखंडाचा गोळा. तो समोर आला तेव्हाच कळलं की अनुमानात काहीतरी न सांगितलेलं होतं.

माझा एक जुना विद्यार्थी दौंडला डीटीपीचं काम करतो. तो रविवारी आला आणि तासाभरात त्याने कारणं शोधली. पहिलं असं, की बसवताना सॉफ्टवेअर आपली गाठोडी सी ड्राइव्हवरच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये सोडतं. अंतिम मुक्काम डी असला तरी उतारा सीवरच. शिवाय प्रत्येक वापरकर्त्याची माहितीही सीवरच साठते. म्हणून जागा हवी. दुसरं कारण मला जास्त लागलं. फोल्डरचं नाव मराठीत होतं. विंडोजला त्याचं वावडं नाही, विंडोज २००० पासून देवनागरी आहे, माझं नाव तिने निमूट घेतलं होतं. पण हे सॉफ्टवेअर पत्ता वाचताना रोमन अक्षरांपलीकडे काही असेल असं धरतच नव्हतं. त्याने 'व्याख्याने' पुसून रोमन अक्षरांत नाव दिलं आणि ते डी ड्राइव्हवर चालू झालं. मराठी अक्षरं ओळखायला विकत घेतलेलं सॉफ्टवेअर मराठी नावाच्या घरात राहायला तयार नव्हतं!

असे लिहून ठेवलेले पत्ते सगळीकडे फसतात. जर्मन विंडोज एक्सपीमध्ये त्या फोल्डरचं नाव 'प्रोग्रामे' असं होतं. ज्यांनी 'प्रोग्राम फाइल्स' हे इंग्रजी नाव कोडमध्ये जसंच्या तसं लिहिलं होतं, त्यांची सॉफ्टवेअर तिथे चाचपडली. विंडोजला विचारायची सोय होती, की बाबा, तुझ्याकडे हा फोल्डर कुठे आहे? विचारलं नाही, एवढंच.

दौंडची मंडळी आली आहेत, त्यांना हे लगेच कळेल. मनमाड-नगरकडून पुण्याला जाणाऱ्या गाड्या पूर्वी दौंड जंक्शनात यायच्या आणि इंजिन एका टोकाचं दुसऱ्या टोकाला लावावं लागायचं. तो खोळंबा टाळायला कॉर्ड लाईन झाली. आता अशा काही गाड्या जंक्शनात न येता 'दौंड कॉर्ड लाईन' या वेगळ्या स्थानकावर थांबतात. गाडीच्या दृष्टीने सोय झाली. पण ज्याच्या डोक्यात 'दौंड म्हणजे जंक्शन' पक्कं आहे, तो बॅग घेऊन जंक्शनवर उभा राहतो आणि गाडी दुसरीकडून निघून जाते. मात्र रेल्वेने एक गोष्ट नीट केली. नव्या जागेला वेगळं नाव दिलं. तिकीट वाचलं तर कळतं. आमच्या खिडकीत तेवढंही नाही. तिथे जागा बदलायला परवानगी आहे, पण कोण कोण जुन्या जागीच वाट पाहत थांबणार आहे, हे कुणी सांगत नाही.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर ते परीक्षण कसलं. सीवरच्या 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये साध्या वापरकर्त्याला काही बदलता येत नाही, ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागते. डी ड्राइव्हवर आपण केलेल्या फोल्डरला सहसा असा पहारा नसतो. तिथल्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीही, एखादा व्हायरसही, ढवळाढवळ करू शकतो. तेव्हा 'सीवरच ठेवा' म्हणण्यामागे कारण आहे. अख्खा 'प्रोग्राम फाइल्स' दुसऱ्या ड्राइव्हवर नेण्याला पाठिंबा नाही, असं मायक्रोसॉफ्टनेही सांगितलेलं आहे. मला अशी स्पष्ट 'नाही' आवडते. नाही म्हणणारा निदान आपला वेळ घेत नाही. हो म्हणून मागे नाही करणारा घेतो.

पण मंडळी, उपाधी आपल्याही अनुमानात आहे. आपल्याकडे डी ड्राइव्हचा एवढा आग्रह का? कारण आपण फॉरमॅटला सरावलेली माणसं आहोत. मशीन हळू झालं, फॉरमॅट मार. व्हायरस आला, फॉरमॅट मार. फॉरमॅट सीचा होतो, डीवरचं राहतं. म्हणून सी हे आपलं भाड्याचं घर आणि डी हे मालकीचं. ही शहाणी सवय आहे, अनुभवातून आलेली. पण तिच्यावरून आपण पुढचं अनुमान काढतो, की सॉफ्टवेअरही डीवर टाकलं तर फॉरमॅटनंतर तसंच चालेल. बहुतेक चालत नाही. फायली डीवर राहतात, पण त्यांची नोंद विंडोजच्या रेजिस्ट्रीत असते आणि ती सीबरोबर पुसली जाते. सातबारा जळला आणि शेत तेवढं राहिलं, असं होतं.

यात नुकसान केवढं होतं ते सांगतो. माझ्या परिचयाच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, दौंड तालुक्यातल्या. भीमाकाठच्या गावांतून हिंडून म्हाताऱ्या बायकांकडून त्यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. आठ वर्षं. वहीत उतरवायच्या आणि रात्री टाइप करायच्या. साठवताना कॉम्प्युटर जी जागा सुचवेल ती, म्हणजे 'डॉक्युमेंट्स'. सी भरला, मशीन अडायला लागलं, त्यांनी ते दुरुस्तीला दिलं. दुकानातल्या मुलाने विचारलं, "बाई, सगळं डीवरच आहे ना?" बाई म्हणाल्या, "हो, कॉम्प्युटरमध्येच आहे." त्याच्या लेखी माणसं काम डीवर ठेवतात. बाईंच्या लेखी कॉम्प्युटर म्हणजे एकच कपाट. दोघंही प्रामाणिक. फॉरमॅट झाला. काही वह्या शिल्लक होत्या, पुष्कळशा नव्हत्या. ज्यांनी ओव्या सांगितल्या त्यांतल्या कितीतरी बायका आता नाहीत. मी भेटायला गेलो तर त्या एकच वाक्य म्हणत होत्या, "मला मेलीला काही कळत नाही."

या वाक्याचा मला राग येतो. बाईंचा नाही, वाक्याचा. मीही तीन दिवस तेच म्हणत होतो. दुसऱ्याने न सांगितलेल्या गृहीताची किंमत आपण स्वतःच्या अडाणीपणाच्या खात्यावर टाकतो. खिडकी कधी म्हणत नाही की माझं चुकलं.

म्हणून सॉफ्टवेअर करणाऱ्यांकडे मागणं लहान आहे. डी चालत नसेल तर ब्राउझचं बटण काढा. चालत असेल तर सीवर किती जागा लागेल आणि डीवर किती, हे दोन आकडे आधी लिहा. आणि एकदा, फक्त एकदा, मराठी नावाच्या फोल्डरमध्ये, सी सोडून दुसऱ्या ड्राइव्हवर बसवून पाहा.

आणि आपल्यासाठी, माझ्या विद्यार्थ्याने मला शिकवलं ते. सीवर थोडी जागा कायम मोकळी ठेवा. मोठी सॉफ्टवेअर डीवर टाकायची तर बसवतानाच जागा निवडा, फोल्डरचं नाव रोमन अक्षरांत द्या. बसलेलं सॉफ्टवेअर कट-पेस्ट करून हलवू नका. काढा आणि पुन्हा बसवा. हलवायचंच असेल तर आपलं काम हलवा. 'डॉक्युमेंट्स'वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलं की 'लोकेशन' नावाचा भाग दिसतो, तिथून तो फोल्डर रीतसर डीवर नेता येतो. तरी एक प्रत कॉम्प्युटरबाहेर, पेन ड्राइव्हवर ठेवाच. आणि मशीन दुरुस्तीला देताना 'सगळं आहे ना' याला 'हो' म्हणू नका. उघडून दाखवा म्हणा.

त्या शिक्षिकांच्या नव्या कॉम्प्युटरवर त्याने हे करून दिलं आहे. उरलेल्या वह्यांवरून त्या पुन्हा टाइप करतायत. ती पानं स्कॅन करायला माझं सॉफ्टवेअर देऊ केलं, तर म्हणाल्या, "नको सर, माझं अक्षर त्याला लागायचं नाही. मीच करते."

आता प्रश्न घेऊ या.