निरुत्तर प्रार्थना आणि दोन आत्मकथनें

नाशिकरोड येथें दरवर्षीं फेब्रुवारी महिन्यांत बाळ येशूची यात्रा भरते. ख्रिस्ती भाविकांबरोबर इतर धर्मांचे लोकहि तेथें मोठ्या संख्येनें जमतात, मेणबत्त्या लावतात, आपापलें मागणें मागतात. आणि ज्यांचें मागणें फळास आलें ते आभार मानावयास पुन्हां येतात. ही गर्दी पाहून आमच्या मनांत नेहमीं एक प्रश्न उभा राहतो : ज्यांचें मागणें फळास आलें नाहीं, ते कोठें असतात? ज्याला मिळालें तो चारचौघांत सांगतो. ज्याला मिळालें नाहीं तो घरीं गप्प बसतो. त्यामुळें प्रार्थनेच्या सामर्थ्याविषयीं आपल्या कानीं पडणारी साक्ष बहुधा एकाच पक्षाची असते. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें महाराष्ट्रांतील ख्रिस्ती लेखनांत कोठें उमटलें आहे काय, हें पाहावें म्हणून आम्हीं दोन आत्मकथनें पुन्हां वाचलीं : पंडिता रमाबाईंची १९०७ सालची इंग्रजी 'साक्ष', आणि लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें'.

रमाबाईंच्या साक्षीचा आरंभच निरुत्तर प्रार्थनेंत आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान व निष्ठावंत. पुराणें सांगत, तीर्थें करीत हें कुटुंब देशभर हिंडलें. दुष्काळ आला तेव्हां त्यांनीं उपास केले, जप केले, उरलेलें द्रव्य दानधर्मांत घातलें. परंतु देव धांवला नाहीं. १८७४ च्या सुमारास वडील, आई व बहीण थोड्याच महिन्यांच्या अंतरानें गेलीं. ही हकीकत रमाबाई इतक्या संयमानें सांगतात कीं वाचतांना घसा दाटून येतो. जुन्या श्रद्धेवरून त्यांचें मन उडालें त्याचें हें एक कारण. दुसरें कारण, धर्मशास्त्रांत स्त्रियांविषयीं त्यांना जें वाचावयास मिळालें तें. आणि तेंहि त्या मोकळेपणानें सांगतात.

परंतु येथें टीकाकाराला एक अवघड गोष्ट बोलावी लागते. हांक मारूनहि देव आला नाहीं, म्हणून ती हांक चुकीच्या दारीं गेली, असा निष्कर्ष एकदां काढला, कीं तेंच माप नव्या दारींहि लावावें लागतें. रमाबाईंनीं १८८३ सालीं इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतला. पुढें १८९६ व १९०० च्या दुष्काळांत शेंकडों अनाथ मुलींना आश्रय दिला. केडगांवचें मुक्तिसदन प्रार्थनेच्या बळावर चालतें अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांचें काम पुढें चालविणारी एकुलती एक कन्या मनोरमा २४ जुलै १९२१ रोजीं, चाळिसाव्या वर्षीं वारली. मातेनें तिच्यासाठीं काय मागितलें असेल, तें कोणत्या मातेस सांगावयास पाहिजे? 'साक्ष' त्याच्या चौदा वर्षें आधींच छापली गेली होती. तिला पुरवणी जोडली गेली नाहीं, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईहि गेल्या. त्यांची श्रद्धा ढळल्याचें दिसत नाहीं. म्हणजे त्यांची भक्ति त्यांच्या युक्तिवादाहून मोठी ठरली. पहिल्या दुष्काळांत जें माप त्यांनीं वापरलें, तें अखेरच्या दुःखांत त्यांनीं हातीं धरलें नाहीं.

ख्रिस्ती उपदेशांत निरुत्तर प्रार्थनेवर साधारणतः तीन उत्तरें दिलीं जातात. पहिलें असें कीं, मागणाऱ्याचा विश्वास कमी पडला. हें उत्तर आम्हांस क्रूर वाटतें. कारण ज्याचें मूल गेलें त्याच्यावर दुःखाबरोबर अपराधाचेंहि ओझें तें टाकतें. शिवाय शुभवर्तमानांतच त्याचें खंडन आहे. गेथशेमानेच्या बागेंत स्वतः येशूनें, हा पेला टळूं दे, असें मागितलें आणि तो टळला नाहीं. येशूचा विश्वास अपुरा होता असें म्हणण्यास कोणता उपदेशक धजेल? दुसरें उत्तर असें कीं, देवाचें 'नाहीं' हेंहि उत्तरच होय. त्यामागें आपल्याला न दिसणारें हित असतें. हें खोटें आहे असें सिद्ध करतां येत नाहीं. परंतु खरें आहे असेंहि सिद्ध करतां येत नाहीं, आणि दुसऱ्याच्या दुःखावर तें लावणें फार सोपें असतें. तिसरें उत्तर, प्रार्थनेनें परिस्थिति न बदलली तरी मागणारा बदलतो, हें. पौलाचा काटा तीनदां विनवूनहि निघाला नाहीं. तो सोसण्याचें बळ मात्र त्याला मिळालें. या उत्तराची परीक्षा तत्त्वज्ञानांत होत नाहीं. एखाद्या आयुष्याच्या हकीकतींतच होते. म्हणून आम्ही 'स्मृतिचित्रां'कडे वळतों.

लक्ष्मीबाई मूळच्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या; १९३६ सालीं त्यांचा अंतहि नाशिकांतच झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं नारायण वामन टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हां लक्ष्मीबाईंचा सारा संसार एका दिवसांत मोडला. नवऱ्यानें परत यावें, जातगोत सुटूं नये, यापलीकडे त्यांना कांहीं नको होतें. तें घडलें नाहीं. पुढें त्या स्वतःच टिळकांकडे गेल्या. जातिभेद देवाचा नव्हे, माणसाचा, हें त्यांना आपल्या आपण उमजलें. आणि १९०० सालीं त्यांनींहि बाप्तिस्मा घेतला. मागितलेली गोष्ट मिळाली नाहीं; मागणारी मात्र बदलली. तिसऱ्या उत्तराला याहून चांगलें उदाहरण आम्हांस माहीत नाहीं. आणि विशेष हें कीं, लक्ष्मीबाई तें उदाहरण म्हणून मुळींच सांगत नाहींत. त्या दुःख सांगतात, स्वतःला हंसतात, आणि पुढें जातात. पाहा देवानें कसें बरें केलें, असा शेरा त्या जखमेवर मारीत नाहींत, हा या पुस्तकाचा मोठा सद्‌गुण होय.

त्यांतच एक उणीवहि आहे. विनोद ही लक्ष्मीबाईंची ढाल आहे, आणि कित्येक ठिकाणीं, जेथें त्यांनीं क्षणभर थांबून देवाला जाब विचारावा असें वाटतें, तेथें त्या ढालीआड होतात. तसा जाब विचारणें ख्रिस्ती धर्माला परकें नाहीं. स्तोत्रसंहितेंत तक्रारीचीं स्तोत्रें पुष्कळ आहेत. मराठी मनाला तर तें मुळींच परकें नाहीं. दुष्काळांत बायको व मुलगा गमावलेले तुकोबा विठ्ठलाशीं भांडले, पण त्याला सोडून गेले नाहींत. टिळक तर तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशीं आलों असें सांगत. हें भांडण्याचें धैर्य मराठी ख्रिस्ती गद्यांत अधिक यावयास हवें होतें.

९ मे १९१९ रोजीं टिळक वारले तेव्हां त्यांचें 'ख्रिस्तायन' अपुरें होतें. लक्ष्मीबाईंनीं तें पुढें नेलें, आणि त्यांच्याहि मागें १९३८ सालीं तें प्रसिद्ध झालें. टिळकांच्या इच्छेला हेंच उत्तर मिळालें, असें म्हणण्याचा मोह होतो. तो आम्ही आवरतों. ग्रंथ पुरा झाला म्हणून माणूस परत आलें नाहीं.

मग या वाचनांतून हातीं काय लागलें? निरुत्तर प्रार्थनेचा उलगडा या दोघींपैकीं एकीनेंहि केलेला नाहीं. परंतु दुःखी माणसाच्या घरीं जातांना त्याच्या विश्वासाचें माप काढूं नये, आणि न विचारतां देवाची वकिली करूं नये, एवढें तरी या दोन आयुष्यांवरून शिकतां येतें. पुढील यात्रेंत आभार मानणाऱ्यांच्या रांगेशेजारीं, कांहीं न मिळतांहि पुन्हां मेणबत्ती लावावयास आलेला एखादा मनुष्य उभा असेल. साक्ष विचारावयाची तर आम्ही त्याला आधीं विचारूं.